सहा ग्रॅमची पुडी

सांगोला-आटपाडीकडच्या डाळिंबवाल्याला 'प्रतिजैविक' म्हणून काही विचारलंत तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. 'स्ट्रेप्टो' म्हणा, लगेच ओळख पटेल. सहा ग्रॅमची पुडी, नाव स्ट्रेप्टोसायक्लिन. आत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. बॅरलभर पाण्यात पुड्या सोडायच्या, जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराइड, आणि आभाळ भरून येताना दिसलं की बाग धुऊन काढायची. शत्रू एकच, तेल्या. पानावर, फळावर तेलाचा थेंब सांडावा तसा डाग उमटतो, काळा पडतो आणि फळ तडकतं. हे झँथोमोनास नावाच्या जिवाणूचं काम. २००० नंतरच्या दशकात त्याने सोलापूर-नाशिककडच्या कित्येक बागा उपटायला लावल्या.

ही पुडी पिंपरीची. पुणे-मुंबई रस्त्यावर जिला सगळे नुसतं 'एचए' म्हणतात त्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने १९५४ साली ही कंपनी उभी केली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याच्या दहाच वर्षं आधी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, पुण्यातच आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या दुखण्यात होत्या, तेव्हा हेच पेनिसिलिन कलकत्त्याहून विमानाने आणवावं लागलं होतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ दिलं नाही. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. विमानाने आणवायच्या औषधापासून कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या पुडीपर्यंत यायला आपल्याला दोन पिढ्याही लागल्या नाहीत.

त्या पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयाचं पहिलं खरं औषध. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने ते मातीतल्या जिवाणूपासून वेगळं काढलं. ब्रिटनमध्ये त्याची काटेकोर चाचणी झाली. १९४८ साली निष्कर्ष छापून आले: पहिल्या सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, नुसती सक्तीची विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. पुढची फारशी कुणी सांगत नाही. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या गटातले ३२ गेलेले होते आणि दुसऱ्यातले ३५. जंतूंनी औषध ओळखून टाकलं होतं. क्षयाला एकटं औषध कधी देऊ नये, जोडीला दुसरं-तिसरं हवंच, हा धडा डॉक्टर तिथून शिकले.

म्हणजे जंतू शिकतो, हे औषध हाती आलं त्याच सुमाराला आपल्याला कळलेलं होतं. तरी पुडी बागेत कशी शिरली?

याचं उत्तर शोधायला विहिरीत डोकवावं लागतं. डाळिंबाचे बहार तीन. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरतात, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेल्याला दमट, ढगाळ हवा मानवते, म्हणून मृगात त्याची चंगळ. शास्त्रज्ञ सांगतात, तेल्याचा भाग असेल तर हस्त धरा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण हस्ताची फळं पोसायची म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी पुरलं पाहिजे, आणि आंबे बहाराला तर ऐन उन्हाळ्यात. ज्याच्याकडे शेततळं आहे, कॅनॉलचं पाणी आहे, तो बहार निवडतो. ज्याची विहीर संक्रांतीला तळ दाखवते त्याच्यासाठी पाऊस निवडतो, आणि पाऊस मृगच निवडणार. मग जून ते सप्टेंबर आभाळाकडे बघत फवारे. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्याच्या शिफारशीत बागेला तीन-चार महिने विश्रांती, रोगट फांद्या तोडून जाळणं, प्रत्येक झाडानंतर छाटणीची कात्री निर्जंतुक करणं, बोर्डो मिश्रण, असं सगळं येतं. त्या प्रत्येक गोष्टीला मजूर लागतात, दिवस लागतात, आणि विश्रांतीच्या काळात बँकेचा हप्ता विश्रांती घेत नाही.

पुडी, थोडक्यात, पाण्याच्या जागी उभी होती. २०२१ च्या डिसेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनवर बंदीचा मसुदा काढला आणि त्यात वापर पूर्ण थांबवण्याची तारीख १ जानेवारी २०२४ अशी धरली. मसुदा योग्यच होता. त्यात पाण्याबद्दल काही असण्याचं कारणच नव्हतं, कारण पाणी हे दुसऱ्या मंत्रालयाचं काम.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक या एका पुडीत मावतं. आपल्याकडे अँटिबायोटिक क्वचितच नुसतं औषध असतं. ते कशाच्या तरी ऐवजी असतं. कशाच्या ऐवजी, हे ज्याला कळत नाही त्याने ते बंद करायला जाऊ नये, आणि ज्याला कळतं त्यानेही जंतूचं गणित शिकल्याशिवाय बोलू नये. ही दोन प्रकारची माणसं आपल्याकडे वेगवेगळ्या इमारतींत बसतात. एक पेट्री डिशवरची वर्तुळं मोजतात, दुसरी मुलाखती घेतात, आणि चहालाही एकत्र येत नाहीत.

*

आकडे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडे यायला नको. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं मेली, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंमध्ये अशा जिवाणूंचा काही ना काही हात होता. भारतातले थेट मृत्यू सुमारे तीन लाख. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्याचा एक आकडा याहून बोलका आहे. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला नेहमीचा जिवाणू. इमिपेनेम हे अतिदक्षता विभागात शेवटी-शेवटी काढायचं इंजेक्शन. २०१६ मध्ये तपासलेल्या ई. कोलायपैकी ८६ टक्के त्याला दाद देत होते, २०२१ मध्ये ६४ टक्के. पाच वर्षांत.

जंतू शिकतो म्हणजे काय, याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण आपल्या भाषेनेच इथे घोळ घातला आहे. 'प्रतिकार' हा मराठीत चांगला शब्द आहे. रोगप्रतिकारशक्ती वाढवायला आपण काढे पितो. त्यामुळे 'प्रतिकार वाढतोय' असं फलकावर लिहिलं की वाचणाऱ्याला बरंच वाटतं. हा घोळ केवळ मराठीतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह १२ देशांत लोकांना विचारलं, तेव्हा तीन चतुर्थांश लोक म्हणाले की औषधाला माणसाचं शरीर सरावतं. खरं तर शरीर बिचारं तसंच असतं, निर्ढावतो तो जंतू. 'निर्ढावलेले जंतू' असं सरळ म्हटलं असतं तर कदाचित कमी घोळ झाला असता.

आणि तो निर्ढावतो कसा? अंशतः निवडीने: औषधाने शंभरातले नव्व्याण्णव मेले, उरला तो चिवट, त्याचीच पुढे प्रजा. पण जास्त धोक्याचा मार्ग वेगळा आहे. औषध निकामी करणारी जनुकं डीएनएच्या लहानशा कड्यांवर बसतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही, जातात. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं. विरजण कुणाच्या घरचं हे दुधाला कळत नाही, ते लागतं. बागेतल्या मातीतला, कोंबडीच्या आतड्यातला आणि बाळंतिणीच्या खोलीतला जिवाणू एकमेकांना ओळखत नसतील, पण वाट्या फिरत असतात. म्हणून स्ट्रेप्टोची पुडी डाळिंबावर मारली काय नि माणसाला टोचली काय, हिशेब एकाच वहीत लागतो.

*

तालुक्याच्या एका गावात मेडिकलच्या काउंटरशेजारी मी एक संध्याकाळ काढली. दुकानदार ओळखीचा, म्हणून बसू दिलं. सहानंतर गर्दी. कामावरून परतणारी माणसं मोटरसायकल बंद न करताच हाक देतात. घसा धरलाय, अंगात कणकण आहे, उद्या जायचंय, काहीतरी 'पॉवरचं' दे. पूर्ण पत्ता मागणारं क्वचित. दोन दिवसांच्या, तीन दिवसांच्या, कात्रीने कापून. कागद दाखवणारे थोडे, आणि त्यातही काहींचा कागद गेल्या वर्षीचा, घडीवर फाटलेला. अ‍ॅझिथ्रोमायसिनला कुणी अ‍ॅझिथ्रोमायसिन म्हणत नाही, 'ती तीन गोळ्यांची' म्हणतात.

यातलं बरंचसं बेकायदा आहे. २०१४ च्या मार्चपासून एच-१ ही अनुसूची लागू झाली. त्यात ४६ औषधं, अर्ध्याहून जास्त प्रतिजैविकं आणि क्षयाची. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, वही तीन वर्षं ठेवायची. २०१६ पासून पाकिटावर उभी लाल रेघ आली. ती रेघ कशाची, हे त्या संध्याकाळी मी चौघांना विचारलं. एकाने ती पाकीट फाडायची खूण आहे असं सांगितलं.

हसण्याआधी माझीही एक गोष्ट ऐका. मागे घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझा घसा बसला. सर्दीच होती, विषाणूची, त्यावर प्रतिजैविकाचा शून्य उपयोग. मला हे तोंडपाठ होतं. तरी मी मेडिकलमध्ये गेलो, चिठ्ठी नव्हती, 'ती तीन गोळ्यांची' मागितली आणि घेतली. कारण उद्या दारात उभं राहून दोनशे माणसांशी बोलायचं होतं. अज्ञान मुळीच नव्हतं, मुहूर्त होता.

ऊसतोड कामगाराच्या कोपीत हाच मुहूर्त रोजचा असतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा पडला की दंड. पोर तापलं किंवा बाईला खालून त्रास झाला, तर पाच दिवस विश्रांती, लघवीची तपासणी, कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, या गोष्टी त्या जगात बोलायच्यासुद्धा नसतात. एक सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या, एवढंच त्या वेळापत्रकात बसतं. लंडनमधल्या दोन मानवशास्त्रज्ञांनी, लॉरी डेनियर विलिस आणि क्लेअर चँडलर यांनी, २०१९ साली एका निबंधात हे नेमकं मांडलं: तुटलेली आरोग्यसेवा, न थांबणारं काम, घाणीचा परिसर आणि विषमता या चार भोकांवर जगभर प्रतिजैविकाचं ठिगळ लावलेलं आहे. ठिगळ उसवून काढलं की भोक दिसणारच. मला या मांडणीत एकच उणं वाटतं. ती इतकी मोठी आहे की वाचून झाल्यावर उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. सगळी विषमता संपेपर्यंत जंतू थांबायचा नाही.

*

दुसऱ्या बाजूच्या लोकांना उद्या सकाळी काय करायचं ते नेहमीच माहीत असतं: जनजागृती. 'कोर्स पूर्ण करा.' हा उपदेश इतका जुना आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो अपुरं पेनिसिलिन घेतो, त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस निर्ढावतात, मग ते बायकोला लागतात आणि ती न्यूमोनियाने मरते. दोष नवऱ्याचा. पुढची ऐंशी वर्षं आपण हीच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत पोस्टरवर छापत आलो. गंमत अशी की फ्लेमिंगने निवडलेला घसा दुखवणारा तो स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. तो तेवढा निर्ढावला नाही.

२०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये काही तज्ज्ञांनी उघडच लिहिलं की बहुतेक साध्या संसर्गांत, बरं वाटल्यावर औषध थांबवल्याने जंतू निर्ढावतात याला पुरेसा पुरावा नाही. उलट जितके जास्त दिवस औषध, तितका आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंवर दबाव जास्त. क्षयाची गोष्ट वेगळी, तिथे सगळे महिने पुरे केलेच पाहिजेत. (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. संपादकांनी सांगण्याआधी मीच सांगतो.) मुद्दा असा की ज्या एका वाक्यावर लोकशिक्षणाची इमारत उभी आहे, त्याच्या पायाकडे शास्त्रज्ञांनी सत्तर वर्षं नीट पाहिलंच नाही, कारण ते वाक्य सोयीचं होतं. दोष रुग्णाकडे जात होता.

दोष कुणाकडे जातो, हे २०१० साली सगळ्या देशाने पाहिलं. त्याआधी स्वीडनमधल्या मूळच्या भारतीय रुग्णात एक नवं जनुक सापडलं होतं. तो दिल्लीच्या रुग्णालयात राहून गेलेला, म्हणून नाव पडलं नवी दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. चेन्नईचे कार्तिकेयन कुमारस्वामी आणि कार्डिफचे टिमोथी वॉल्श यांच्या गटाने ते भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमध्ये पसरल्याचं दाखवलं, आणि संसदेत संताप उसळला. आपल्या वैद्यकीय पर्यटनावरचा हा कट आहे, असं म्हटलं गेलं. शहराचं नाव रोगाला देणं अनुचितच होतं. पण सगळा जोर नावावर खर्च झाला. पुढच्याच वर्षी वॉल्श यांच्या गटाने दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, ५१ मध्ये हे जनुक निघालं. पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये निघालं. बातमी इथे होती. रुग्णालयाबाहेर, डबक्यात. या पाण्यातून चालणाऱ्याने कोर्स पूर्ण केला होता की नाही याला तिथे काही अर्थ नव्हता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २० हजारांच्या आसपास. कारखान्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. २००७ साली योआकिम लार्सन यांच्या स्वीडिश गटाने हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे, औषध कंपन्यांचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून *बाहेर पडणारं* पाणी तपासलं. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. आणि आपण मेडिकलच्या काउंटरवर कात्रीने कापलेल्या दोन गोळ्यांकडे बोट दाखवतोय.

*

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय होतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण मुंबईचं आहे, आणि त्याला मागची एक गोष्ट आहे.

१९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना साधा प्रश्न विचारला: क्षयाच्या रुग्णाला काय लिहून द्याल? उत्तरं आली ८० प्रकारची. जवळजवळ प्रत्येक डॉक्टरचा स्वतःचा क्षय. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला. ६३ प्रकार. नव्या रुग्णासाठी अचूक चिठ्ठी लिहिणारे सहा, आणि बहुऔषधरोधी क्षयासाठी योग्य चिठ्ठी लिहिणारे तीन. २०१२ साली याच उडवाडियांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणारे क्षयरुग्ण मुंबईत आढळल्याचं जगाला सांगितलं, तेव्हा सरकार शब्दावरून भांडत बसलं. जंतू कुठून आला हे मात्र त्या चिठ्ठ्यांत आधीच लिहिलेलं होतं.

पण डॉक्टरला विचारलं तर तो सांगतो ते, आणि तो करतो ते, यातही अंतर असतं. म्हणून मॅकगिल विद्यापीठाचे मधुकर पै, अर्थतज्ज्ञ जिष्णू दास, श्रीनाथ सत्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती केली. स्थानिक माणसांना तालीम देऊन रुग्ण म्हणून उभं केलं. नाटकात करतात तशी पूर्ण पात्ररचना. कुठे राहतो, किती दिवस खोकला, घाबरलेला की कंटाळलेला. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या ६२२ औषध दुकानांत या 'रुग्णांनी' १२०० फेऱ्या मारल्या. निम्म्या वेळा रुग्ण फक्त लक्षणं सांगे: दोन-तीन आठवडे खोकला, ताप. निम्म्या वेळा तीच लक्षणं, पण हातात थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट, क्षय असल्याचा. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती लक्षणं सांगितली तेव्हा योग्य वागणूक, म्हणजे भलतं औषध न देता डॉक्टरकडे पाठवणं, १३ टक्के. हातात रिपोर्ट असताना ६२ टक्के. प्रतिजैविक देण्याचं प्रमाण ३७ वरून १६ टक्क्यांवर. आणि बाराशे फेऱ्यांत एकाही दुकानदाराने क्षयाची पहिल्या फळीची औषधं आपल्या मनाने दिली नाहीत.

ज्या मेडिकलवाल्याला आपण खलनायक ठरवून बसलो होतो, त्याने पुड्या बांधणं थांबवलं, का तर समोर एक कागद आला. म्हणजे गोळी निदानाच्या जागी उभी होती. हे नुसत्या प्रयोगशाळेला कधीच दिसलं नसतं, नुसत्या मुलाखतींना मोजता आलं नसतं. नाटक आणि सांख्यिकी यांचं लग्न लागलं तेव्हा दिसलं. २०१४ पासून मुंबईत खासगी डॉक्टरांच्या रुग्णांना तपासणी आणि औषधांची मोफत व्हाउचरं देण्याचा जो प्रयोग झाला, त्यामागची समजूत हीच होती: उपदेश कमी, रिपोर्ट स्वस्त.

*

आणि आता गडचिरोली, कारण तिथे गोष्ट उलटी फिरते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पाहिलं की लहान मुलं न्यूमोनियाने मरताहेत आणि त्यांच्यापर्यंत अँटिबायोटिक पोचतच नाही. डॉक्टर दूर, नदीला पूर, रस्ता नाही. मग प्रतिजैविक द्यायचं कुणी? गावातल्या आरोग्यसेवकाने आणि दाईने. पण न्यूमोनिया ओळखायचा कसा, जिला साठपर्यंत मोजता येत नाही तिने? तिथे जे साधन घडवलं ते माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर यंत्र आहे: फळीवर ओवलेले मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत कुणालाही मोजता येतं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले निष्कर्ष: या सेवकांनी को-ट्रायमॉक्साझोल देऊन उपचार केलेल्या ६१२ मुलांतला मृत्युदर ०.८ टक्के, उपचाराविना राहिलेल्या शेजारच्या भागात १३.५ टक्के. पुढे १९९९ मध्ये नवजात बाळांना घरीच सांभाळण्याच्या, गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याच्या पद्धतीने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला.

'एमबीबीएसच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही' हा नियम त्या गावांत अक्षरशः पाळला असता तर ती मुलं गेली असती. नियम शहरातल्या मेडिकलसाठी लिहायचा आणि जंगलातल्या दाईला लावायचा, यात शास्त्र नाही. त्या दाईच्या हातात गोळी होती, पण गोळीच्या आधी मणी होते. निदान आधी, औषध नंतर. मुंबईच्या काउंटरवर जे कागदाने केलं, ते इथे मण्यांनी केलं.

गोळीची गरजच पडू नये, हा तिसरा मार्ग. नवी मुंबई महापालिकेने २०१८ च्या पावसाळ्यात नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना विषमज्वराची नवी संयुग्मित लस दिली. पहिल्या फेरीत एक लाख तेरा हजारांहून जास्त मुलं. सरकारी पातळीवर ही लस वापरणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. टायफॉइडवर एकेकाळी क्लोरॅम्फेनिकॉल चालायचं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन, आणि आज सिप्रो देऊन बघणारा डॉक्टर वेळ दवडतो. ज्या मुलाला टायफॉइड झालाच नाही, त्याने पुढच्या औषधाला हातही लावला नाही. इतकं साधं. तरी लसीची बातमी आली की ती 'बालआरोग्या'च्या पानावर जाते.

दुधाचंही थोडक्यात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले, प्रतिजैविकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला ७७ मध्ये. आकडा लहान आहे, पण गोठ्यात गाईला दगडी झाली की सडात ट्यूब सोडणं हा पहिला उपाय असतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ त्यासाठी कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप शिकवतं, आणि शेतकरी तो लावतात, कारण त्या दिवसांचं दूध फेकून द्यावं लागत नाही. प्रबोधनाने जे होत नाही ते हिशेब जुळला की होतं.

*

आता धोरण ठरवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. निर्ढावलेल्या जंतूंचे जे अहवाल दरवर्षी निघतात ते मोठ्या रुग्णालयांतून निघतात, आणि त्यांत जंतूचं नाव असतं, औषधाचं असतं, टक्केवारी असते. त्यात आणखी एक रकाना घाला: हे औषध कशाच्या ऐवजी दिलं होतं. खाड्याच्या, रिपोर्टच्या, संडासाच्या, पाण्याच्या. तो भरायला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पुरणार नाहीत. परिचारिका, आशा, मेडिकलवाले, कृषी सहायक लागतील, आणि त्यांच्याशी बोलता येणारे समाजशास्त्राचे विद्यार्थी. महाराष्ट्रात अशी मुलं कमी नाहीत, त्यांना एमएनंतर काम नाही. प्रयोगशाळांना मात्र त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी लागेल, आणि अहवालावर नावही.

डाळिंबाच्या बागेत तो रकाना भरायला मी काही ठिकाणी विचारत फिरलो. स्ट्रेप्टो सोडली, असं सांगणारे भेटले. कशी सोडली, विचारल्यावर बहुतेकांच्या बोलण्यात आधी शेततळं आलं, मग बहार बदलल्याचं, आणि पुडीचं नाव सगळ्यात शेवटी. ज्यांचं तळं झालं नाही ते अजून पावसावरच बहार धरतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजारात येणारं डाळिंब त्यांचं असतं.